एक नाव, एक नोंद

मानखुर्द स्थानकाची पाटी आपण हजारदा वाचतो. त्यातल्या 'खुर्द'कडे सहसा लक्ष जात नाही. फारसीतून आलेले खुर्द आणि बुद्रुक म्हणजे धाकटे आणि थोरले. पुण्याजवळची आंबेगाव खुर्द आणि आंबेगाव बुद्रुक पाहा. एकाच नावाची दोन गावे दप्तरात मिसळू नयेत, म्हणून जुन्या कारभाराने केलेली ही तजवीज.

संगणकात अशीच चोख नोंद ठेवणारी एक छोटी 'लायब्ररी' असते. तिच्याकडे शब्द सोपवला की ती आधी आपला साठा पाहते. शब्द असेल तर त्याचाच क्रमांक परत करते, नसेल तर साठवून नवा क्रमांक देते. लाखो खात्यांत 'मानखुर्द' आले तरी साठ्यात ते एकदाच. जागा वाचते, अक्षरे ताडण्याऐवजी क्रमांक ताडले की भागते. बँकेत खातेदारांच्या नावांची सूची हाताने लिहिलेल्या पिढीला याचे कौतुकच वाटावे.

पण 'तोच शब्द' कशाला म्हणायचे, हे यंत्राला कोणी सांगायचे? 'कऱ्हाडे' या आडनावातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहितात: टिंबाच्या 'ऱ'ला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच; यंत्राच्या लेखी आडनावे दोन! युनिकोडचे ठरीव प्रमाणीकरणही त्यांना एक करीत नाही. इंग्रजी स्पेलिंगांचे तर विचारूच नका. लक्ष्मी एका कागदावर 'एक्स'ने लिहिली जाते, दुसऱ्यावर 'के-एस-एच'ने.

उलट, एकाच वस्तीत तीन सुनीता जाधव असू शकतात. मजकूर एक, माणसे तीन. २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीपासून आधार क्रमांकांचे वाटप सुरू झाले, तेव्हा वेगळेपणाची खूण म्हणून बोटांचे ठसे आणि बुबुळे घेतली गेली, ती याचसाठी. तरीही खिडकीवर अखेर नावच ताडले जाते. ते जुळले नाही, की घरकाम करणाऱ्या बाईने एका दिवसाची मजुरी बुडवून प्रतिज्ञापत्र करून आणायचे.

हे उफराटे आहे. सारखेपणाचा नियम मराठी जाणणाऱ्यांकडून तपासून घेणे, हे प्रणाली बांधणाऱ्याचे काम. आणि 'जुळत नाही' हा यंत्राने माणसाला विचारलेला प्रश्न असावा, दिलेला निकाल नव्हे. जुन्या दप्तराने गावांची नावे खोडली नव्हती. नाव राखून पुढे एक शब्द जोडला होता. नव्या दप्तराने निदान तेवढे सौजन्य दाखवायला काय हरकत आहे?