फिरतोय की पिळतोय?

जुनी जीप, कास्ट आयर्न बुलेट, पद्मिनी यांचे काम गॅरेजात आले की इंजिन उतरवेपर्यंत सगळे ठीक चालते. खोळंबा होतो तो बहुतेक वेळा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या स्टडपाशी. वर्षानुवर्षे तापून आणि थंड होऊन, पावसाळ्यातला ओलावा पिऊन नट आणि स्टड एकजीव झालेले असतात. गाडी कोकणातली असेल तर खारी हवा त्यात भर घालते. मग पान्याला पाइप अडकवला जातो, पोऱ्याला 'लाव जोर' म्हणून सांगितले जाते आणि कट्कन आवाज होतो. नट पान्यात, निम्मा स्टड ब्लॉकमध्ये.

हे संपादकीय त्या आवाजाच्या आधीच्या काही क्षणांबद्दल आहे, कारण पुढचे दोन दिवसांचे काम तिथेच ठरते. स्टड तुटण्याआधी बहुतेक वेळा हाताला तसे सांगतो. सुटणारा नट आधी हट्टाने घट्ट बसलेला असतो, मग 'कर्र' करून हलतो आणि जोर एकदम कमी लागतो. तुटणारा मऊ लागतो. पाना पुढे सरकतो, सोडला की किंचित मागे येतो, आणि पुन्हा जोर दिला की लोण्यातून गेल्यासारखा सरकत राहतो. तिथे काही सुटत नसते, स्टड पिळत असतो. वरचे टोक फिरते, खालचे आटे जागेवरच असतात. ज्याला शंका असेल त्याने नटवरून स्टडच्या टोकापर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढावी. रेघ मधोमध तुटली तर नट स्टडवरून सुटतो आहे. रेघ अखंड राहून दोन्ही एकत्र फिरू लागले तर एक तर आख्खा स्टड निघतो आहे, नाही तर पिळतो आहे. हाताला मऊ लागत असेल तर पिळतोच आहे. तिथे थांबायचे, पाव आटा उलटा घट्ट करायचा आणि तेल द्यायचे.

तेल देणे म्हणजे फवारा मारून लगेच पाना लावणे नव्हे. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो आट्यांमध्ये पाचरीसारखा बसतो. त्या फटीतून तेल आत झिरपायला वेळच लागतो. संध्याकाळी तेल सोडावे, नटच्या सहाही बाजूंनी हातोडीचे हलके ठोके द्यावेत, सकाळी पुन्हा तेच करावे. ठोक्यांनी गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. पुष्कळ जण गिअरचे एटीएफ आणि अॅसिटोन निम्मे-निम्मे मिसळून वापरतात. मिश्रण चांगले आहे, पण अॅसिटोन पेट्रोलसारखे पेट घेते. ते मारलेल्या जागी गॅसची ज्योत न्यायची नाही.

ज्योत लावायची तर बाहेरच्या भागाला, आतल्या बोल्टला नाही. अॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट पसरते, त्यामुळे अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये बसलेला स्टीलचा स्टड नीट तापवले तर सैल होतो. पण अॅल्युमिनियम वितळण्याआधी लोखंडासारखे लाल होऊन इशारा देत नाही. वितळायला लागले की ते एकदम बसते, आणि गेलेले हेड पुन्हा मिळत नाही. तिथे ज्योत फिरती ठेवावी. कास्ट आयर्न ब्लॉकवर नट लाल करायला हरकत नाही. कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची नळी मात्र आधी काढलेली हवी.

एवढे करूनही तुटलाच, तर माझे मत स्पष्ट आहे: ड्रिल आणि ईझी आउट हातात घेण्याआधी वेल्डिंग करून पाहावे. बॅटरीची केबल काढावी. तुटलेल्या टोकावर वॉशर ठेवून आतल्या भोकातून टाका भरावा, त्यावर मोठा नट ठेवून तोही आतून भरून घ्यावा. वेल्ड कास्ट आयर्नला सहजी धरत नाही, स्टडला मात्र धरते. खरे काम टाका करत नाही, उष्णता करते. तापलेला स्टड फुगू पाहतो, भोवतीचा ब्लॉक त्याला फुगू देत नाही, म्हणून तो आतल्या आत दाबला जातो. थंड झाला की तो आधीपेक्षा किंचित बारीक असतो आणि गंजाचा थर फुटलेला असतो. कोमट असताना तेल द्यावे, मग पाना थोडा पुढे, थोडा मागे. पहिला टाका निघून आला तर दुसरा मारावा, तिसरा मारावा.

ईझी आउटबद्दल सावध राहा. त्याचे पोलाद कडक आणि ठिसूळ असते. जो स्टड पाइप लावूनही सुटला नाही, तो भोक पाडून घातलेल्या बारीक ईझी आउटने सुटेल ही आशा फारशी बरी नाही. आणि ते आत तुटले की साध्या ड्रिलने कापत नाही. मग ब्लॉक उचलून स्पार्क इरोजनवाल्याकडे न्यायचा. ड्रिलच मारायचे असेल तर टोक कानशीने सपाट करून अगदी मध्यावर पंच मारावा. डावे ड्रिल मिळाले तर उत्तम, कधी कधी भोक पडता पडताच स्टड उलटा फिरून बाहेर येतो.

काही बोल्ट गंजाने नव्हे, चुकीच्या पान्याने जातात. जीपचे माप इंची आहे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसतो, पण सैल बसतो आणि जोर आला की कोपरे खातो. त्यात तो बारा कोनांचा रिंग पाना असेल तर डोके राउंड झालेच. जुन्या बुलेटवरच्या ब्रिटिश विटवर्थ जातीच्या आट्यांचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. तिथे मेट्रिक टॅप फिरवला की चांगले आटेही जातात. आणि महिंद्राच्या पेट्रोल जीपच्या एफ-हेड इंजिनात हेडचा एक बोल्ट कार्ब्युरेटरच्या खाली, इनटेकच्या भोकात लपलेला असतो. तो न काढता 'हेड जाम आहे' म्हणून पहारीने उचकटलेली हेडे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. त्यात बोल्टचा काही दोष नसतो.

आता पैशांचे. गिऱ्हाईक नव्या पिस्टनचे पैसे देते, रात्रभर तेलात भिजलेल्या स्टडचे देत नाही, कारण आपण ते बिलात लिहीतच नाही. म्हणून घाई होते, पाइप लागतो, आणि तुटलेला स्टड काढायला गेलेला दिवसही आपल्याच पदरात पडतो. गाडी आत घेतानाच मॅनिफोल्ड, वॉटर पंप आणि हेडचे बोल्ट गिऱ्हाइकासमोर पाहावेत, खडूने खुणा कराव्यात आणि अंदाजपत्रकात 'जाम बोल्ट काढणे, तासाप्रमाणे' अशी वेगळी ओळ लिहावी. तुटला तर काय खर्च येईल तेही तिथेच सांगावे. चिडणारे गिऱ्हाईक सुरुवातीलाच चिडलेले परवडते.

जोडणी करताना मॅनिफोल्डच्या स्टडवर कॉपर ग्रीस लावा, नट शक्यतो पितळी वापरा. हेडच्या बोल्टवर मात्र मॅन्युअलमध्ये सांगितल्याशिवाय काही लावू नका. ओल्या आट्यावर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. अंदाजपत्रकाचा छापील नमुना या अंकाच्या मधल्या पानावर दिला आहे, तो कापून घ्या आणि झेरॉक्स काढून वापरा.