न विचारलेला प्रश्न

‘हॉवर चालत नाही. अर्जंट मदत हवी.’ प्रोग्रामर मंडळींच्या कुठल्याही गोतावळ्यात शिरा, ही ओळ भेटणारच. डॉक्टरसमोर बसून ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगावं, तशातला हा प्रकार. मी वेबसाइट बनवण्याच्या धंद्यात आहे आणि सवड मिळाली की असल्या प्रश्नांना उत्तरं देत बसतो. अनोळखी माणसांसाठी फुकटचा एवढा खटाटोप कशाला, असं घरी नेहमी विचारलं जातं. आजचा लेख हे त्याचंच उत्तर.

माऊसचा बाण बटणावर नेला की बटणाचा रंग बदलतो, फोटोवर नेला की फोटो जरा मोठा होतो. क्लिक न करता घडणारा हा बदल म्हणजे हॉवर. वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा म्हणजे सीएसएस. तिच्या १९९८ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय झाली. पण सोय कागदावर असणं वेगळं आणि ब्राउझरने ती पाळणं वेगळं. इंटरनेट एक्स्प्लोररच्या सहाव्या आवृत्तीत हॉवर फक्त लिंकवर चालायचा. बाकी कशावर हवा असेल तर जावास्क्रिप्ट लिहा. त्यामुळे तेव्हा मदतीची सुरुवात ‘ब्राउझर कोणता?’ या उलटप्रश्नाने व्हायची.

आता ब्राउझर शहाणे झालेत, तरी ठरावीक तक्रारी कायम आहेत. पहिली थरथरीची. बाण नेला की कार्ड वर उचललं जावं, असं कुणाला तरी हवं असतं. बाण नेमका कार्डाच्या खालच्या कडेवर असतो. कार्ड वर सरकतं आणि बाणाखालून निसटतं. हॉवर संपला, म्हणून ते खाली येतं, की पुन्हा बाणाखाली सापडतं. मग वर-खाली, वर-खाली. यावर उपाय सोपा आहे. हॉवर बाहेरच्या स्थिर चौकटीला द्यायचा आणि हलवायचं आतल्या कार्डाला.

दुसरी तक्रार, रंग येतो सावकाश पण जातो एकदम. इथे बदल सावकाश घडवणारी ट्रान्झिशनची ओळ फक्त हॉवरच्या नियमात लिहिलेली असते. बाण हटला की तो नियमच लागू राहत नाही, मग सावकाश जायचं कुणाच्या सांगण्यावरून? ती ओळ मूळ नियमात हलवली की काम झालं. तिसरी तक्रार मेन्यूची. वरचा मेन्यू आणि खाली उघडणारा उपमेन्यू यांच्यामध्ये बारीकशी फट राहिलेली असते. बाण त्या फटीत पोचला की सगळंच गायब. मार्जिनऐवजी, म्हणजे बाहेरच्या मोकळ्या जागेऐवजी, पॅडिंग म्हणजे आतली मोकळी जागा दिली की फट बुजते.

अशी उत्तरं देणं अवघड नाही. अनुभव असला की लक्षण वाचूनच दुखणं कळतं. पण मला अशी उत्तरं देणाऱ्या मंडळींबद्दल खरा आदर वाटला तो वेगळ्याच प्रसंगी.

मातीचे दागिने विकणाऱ्या एका तरुणीने स्वतःचं पान बनवलं होतं. दागिन्याच्या फोटोवर बाण नेला की किंमत दिसायची, पण झटक्यात. तिला ती हळूच उमटायला हवी होती. मी सांगितलं, डिस्प्ले बंद-चालू करू नका, ऑपॅसिटी (अपारदर्शकता) आणि व्हिजिबिलिटी (दृश्यता) बदला. प्रश्न सुटला. तेवढ्यात माझ्या उत्तराखाली कुणीतरी एकच ओळ लिहिली : ‘मोबाइलवर किंमत कशी कळणार?’

बोटाला हॉवर नसतो. बोट काचेवर टेकलेलं असतं किंवा नसतं. नुसतं वर तरंगण्याची मधली अवस्थाच नाही. उलट काही फोनवर एकदा बोट लागलं की हॉवरचा रंग तसाच चिकटून राहतो. आपल्याकडे बहुतेकांचं इंटरनेट मोबाइलवरच चालतं. म्हणजे तिच्या बहुतेक गिऱ्हाइकांना किंमत दिसण्याची खात्रीच नव्हती. मग चर्चा पुढे गेली. माऊस न वापरता टॅबच्या कळीने पान पाहणाऱ्यांसाठी हॉवरच्या जोडीने फोकसचाही नियम लिहा, असं एकाने सुचवलं. दुसऱ्याने वेबच्या सुगम्यतेच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांची आठवण करून दिली. हॉवरने उघडलेला मजकूर बाण न हलवता बंद करता यावा, त्या मजकुरावर बाण नेला तरी तो नाहीसा होऊ नये आणि बाण दूर जाईपर्यंत किंवा वाचणाऱ्याने बंद करेपर्यंत तो टिकावा, अशा त्यात तीन अटी आहेत. शेवटी तिने किंमत फोटोखाली कायमची छापून टाकली. हॉवरला फक्त सावली उरली. मूळ प्रश्नाची गरजच संपली.

हल्ली कोडच्या शंका लोक एआयला विचारतात आणि उत्तरही क्षणात मिळतं. त्यात गैर काही नाही, मीही विचारतो. पण ‘किंमत हळूच कशी उमटवू?’ असं विचारलं, तर बरेचदा ती उमटवण्याचा कोडच हाती पडतो. ती लपवायचीच कशाला, हे विचारायला समोर असा कुणीतरी लागतो, ज्याने चार गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकलेल्या असतात. अनोळखी माणसांच्या मदतीचं मोल मला इथे दिसतं आणि म्हणूनच मी तिथे बसतो.

तुम्हाला कधी अशी मदत मागायची झाली, तर अख्खं पान टाकू नका. अडलेला तुकडाच ठेवा. काय व्हायला हवं, काय होतंय, ब्राउझर कोणता, हे तीन वाक्यांत लिहा. पुष्कळदा तुकडा लहान करतानाच चूक सापडते. उत्तर मिळालं की ‘सुटलं, आभार’ एवढ्यावर थांबू नका. कशाने सुटलं तेही लिहा, पुढच्याचा वेळ वाचेल. आणि विचारायच्या आधी ते पान एकदा मोबाइलवर उघडून पाहाच.