माझी सेडान आणि काकांचा सातबारा

आलिशान गाडी घेतलेल्या माणसाने आपल्याच गाडीविरुद्ध बोलू नये, असा संकेत आहे. तो मी आज मोडणार आहे. पाडव्याला गाडी दारात आणण्याच्या बेतात असलेल्या वाचकांनी रागावू नये.

माझी छोटेखानी आलिशान सेडान वाशीमच्या गल्लीत उभी राहिली, तेव्हा पोरे तिच्या बोधचिन्हावर बोटे फिरवून गेली. मालेगावला समृद्धी महामार्गावर चढले, की ती ताशी 120 ने पाण्यासारखी जाते, हेही खरे. पण महामार्गावर कोणी राहत नाही, गावात यावेच लागते! पावसाळ्यात एका खड्ड्याने टायरची कड फाडली. डिकीत जादा चाक नव्हते. ते न देणे हीही म्हणे सुधारणा. त्या मापाचा टायर नागपूरहून येईपर्यंत चार दिवस गाडी ताडपत्रीखाली होती आणि मी शेजारच्या काकांच्या ट्रॅक्टरवर.

तिथेच काकांनी विचारले, "तुले व्याज किती पडते रे?"

मी सांगितले. काका हसले नाहीत. त्यांच्या ट्रॅक्टरच्या कर्जाचा दर माझ्याहून साडेतीन टक्क्यांनी जास्त होता. शिवाय सातबाऱ्यावर बोजा. माझ्या गाडीला तारण काय? गाडीच.

बँकवाले समजावतात : नोकरदाराचा हप्ता महिन्याच्या महिन्याला येतो, शेतकऱ्याचा पावसावर अवलंबून, धोका जास्त तिथे व्याज जास्त. हिशेब मला कळतो. मान्य मात्र नाही. माझी गाडी दुकानातून बाहेर पडली त्या क्षणापासून तिची किंमत उतरते आहे. काकांचा ट्रॅक्टर सोयाबीन आणि तूर उभी करतो. ज्याच्याने पिकते त्याला महाग पैसा आणि जो मिरवतो त्याला स्वस्त, हा कुठला व्यवहार?

ही काही माझी एकट्याची गोष्ट नव्हे. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका दिवसात 150 मर्सिडीज विकल्या गेल्या. सौदा 65 कोटींचा. गावोगावी त्याचे कौतुक झाले. त्या गाड्यांचे कर्ज ट्रॅक्टरच्या कर्जाहून स्वस्त होते, याकडे पी. साईनाथ यांनी तेव्हाच बोट दाखवले होते. आम्ही मात्र गाड्याच मोजल्या.

सप्टेंबर 2025 मध्ये सरकारने शेतीच्या ट्रॅक्टरवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आणला आणि माझ्यासारख्यांच्या गाड्यांवर 40 टक्के ठेवला. म्हणजे ऐष कोणती आणि औत कोणते, हे कर लावणाऱ्याला कळते. कर्ज देणाऱ्यालाच तेवढे का कळू नये?

आणि मी? कागदावर सही करताना मीही व्याजाचा आकडा पाहून खूशच झालो होतो.

टायर आला. काकांना मी मुद्दाम एक फेरी मारून आणली. चामड्याच्या आसनावरून हात फिरवीत ते म्हणाले, "गाडी झकास हाय तुही. पण मंग बोजा माह्याच वावरावर काहून?"