नकाशात आपली जागा आपणच दाखवायची



उपग्रह म्हटला की आपल्याला एवढेच आठवते, मासळी कुठे मिळेल. हैदराबादची इन्कॉईस संस्था पाण्याचा रंग आणि वरच्या थराचे तापमान उपग्रहावरून बघून मासळीचे संभाव्य पट्टे कळवते. चांगलेच आहे. पण त्याच तंत्राने किनाऱ्याचेही नकाशे होतात, आणि तिथे आपण गप्प बसतो. हे परवडणारे नाही.

६ जानेवारी २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी कलमे आहेत. वाळूच्या टेकड्या मोजून नकाशावर घ्यायच्या, खाजने राखायची, मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथली कासवांची ठिकाणे सांभाळायची. मच्छीमार गाव, जेटी, बर्फाचा कारखाना, मासळी सुकवायची जागा हेही नकाशात दाखवायला त्याच अधिसूचनेत सांगितले आहे.

आता हिशेब बघा. १:२५,००० च्या नकाशात १ सेंटिमीटर म्हणजे २५० मीटर. आपली १० मीटरची होड्यांची शेड तिथे अर्धा मिलिमीटरही भरत नाही. १:४,००० च्या नकाशात ती अडीच मिलिमीटर होते, म्हणजे निदान दिसते. पण झावळांचे छप्पर रापणीचे की शॅकचे, हे उपग्रहाला कोण सांगणार? खाडीच्या तोंडाशी गाभोळीची मासळी कधी येते, तेही वरून दिसत नाही. ते आपल्या म्हाताऱ्यांना आणि तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना ठाऊक.

काहीजण म्हणतात, जागा सांगितली तर उद्या तिथेच बंदी येईल, नाहीतर बाहेरचे ट्रॉलर येतील. ही भीती खोटी नाही. म्हणून मासळी सापडायच्या खास जागा ज्याच्या त्याने पोटात ठेवाव्या. पण होड्या ओढायची वाट, जाळी सुकवायची जागा, पिल्लांची खाडी, खाजनातली मानस ही सगळ्यांची आहे. ती नकाशात नसली तर उद्या कोणीही रिकामी जागा म्हणून दाखवील. आणि पिल्लांची खाडीच बुजली तर बंदीचे ६१ दिवस पाळून फायदा काय?

१ जून ते ३१ जुलै होड्या वर असतात. प्रत्येक वाड्यावरच्या दोघांनी, एक म्हातारा आणि एक तरुण, फिरून मोबाईलवर लोकेशन घ्यावे, फोटो काढावा, जागेचे गावठी नाव लिहावे. वाड्याच्या बैठकीत सगळ्यांना मान्य झाले तरच ते सोसायटीत आणून द्यावे. आपण ते पंचायतीला आणि किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाला लेखी देऊ, पोच घेऊ.

नकाशा पक्का झाल्यावर ओरडण्यापेक्षा आधी चार पावले चालणे बरे.

– सचिव