‘यंत्रं जुनी झाली होती’ म्हणणाऱ्यांना

गिरण्यांचा विषय निघाला की आमच्या ऑफिसात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘अरे, यंत्रंच जुनी झाली होती, बंद पडणारच होत्या.’ बोलणारा माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच इंजिनियर असतो. प्रभादेवीतल्या ज्या काचेच्या इमारतीत बसून आम्ही हे बोलतो, ती गिरणीच्याच जमिनीवर उभी आहे. बोलून झाल्यावर आम्ही कॉफी प्यायला जातो.

माझं भांडण या वाक्याशी आहे. त्याचं व्याकरण बघा. यंत्रं जुनी ‘झाली’. दूध नासतं, केस पिकतात, तशी यंत्रं आपोआप जुनी झाली. कुणी जुनी ठेवली, नवी का घेतली नाहीत, तो पैसा कुठे गेला, हे विचारायला वाक्यात जागाच नाही.

माझे आजोबा गिरणीत होते, पण साच्यावर नव्हे. ते मेकॅनिक खात्यात टर्नर होते. आपल्या कथा-कवितांमधला गिरणी कामगार म्हणजे भोंगा, साचा आणि कापसाची धूळ. पण प्रत्येक मोठ्या गिरणीच्या पोटात एक छोटा कारखाना असायचा. साच्याची पिन तुटली, बुश झिजला, शाफ्ट वाकला, की नवा भाग तिथे बनायचा. आजोबांच्या बोलण्यात एक नाव सारखं यायचं, ‘हर्बट’. ‘आज हर्बट रुसला होता’, ‘हर्बटला तेल पाजलं’. लहानपणी मला वाटायचं, हा त्यांचा कुणी गोरा साहेब असणार. तो निघाला लेथ. अंगावर बिडातच ओतलेलं नाव : अल्फ्रेड हर्बर्ट, कोव्हेंट्री.

कॉलेजात चार वर्षं इंजिनियरिंग शिकून मला या नावाबद्दल कुणी अक्षर सांगितलं नाही. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये जो एक ‘जॉब’ करायचा असतो, तोही लॅब असिस्टंटनेच करून दिला. हर्बर्टबद्दल जे कळलं ते नंतर, स्वतःहून वाचून.

अल्फ्रेड हर्बर्टने १८८८ साली भागीदारासोबत इंग्लंडातल्या कोव्हेंट्रीत धंदा सुरू केला. गाव सायकलींचं होतं. फ्रान्समधल्या बिनजोड पोलादी नळ्या सायकलवाल्यांना विकण्याचे हक्क त्याच्या भावाकडे होते. त्या एजन्सीने सुरुवातीला चांगला पैसा दिला. मग यंत्रं बनवणारी यंत्रं : कॅपस्टन लेथ, त्याहून दांडगे टरेट लेथ, ऑटोमॅटिक लेथ, मिलिंग आणि ड्रिलिंगची मशिनं. बोल्टवर आटे पाडून झाल्यावर आपोआप उघडणारा, त्यामुळे मशीन उलटं फिरवायला न लावणारा ‘कोव्हेंट्री’ डाय हेड. शिवाय कोळसा वाळवत वाळवत त्याची भुकटी करणारा ‘अ‍ॅट्रिटर’. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने मशीन टूल्सचं नियंत्रण याच माणसाकडे दिलं होतं. जगातली सगळ्यात मोठी मशीन टूल कंपनी म्हणून हर्बर्टचं नाव घेतलं जाई.

यातला कॅपस्टन समजून घेण्यासारखा आहे. साध्या लेथवर प्रत्येक कापासाठी हत्यार बदलावं लागतं. कॅपस्टनवर षटकोनी डोकं असतं, सहा बाजूंना सहा हत्यारं. चक्राचे दांडे धरून डोकं मागे खेचलं की ते एक घर फिरतं आणि पुढचं हत्यार समोर येतं. प्रत्येक हत्याराने किती आत जायचं, त्याचा अटकाव आधीच लावलेला. सेटर सकाळी हे सगळं लावून देतो, मग ऑपरेटर दिवसभर तेच ते शेकडो वेळा करतो. मी पोटासाठी हेच करतो. सेटिंग म्हणजे प्रोग्राम, चक्र फिरवणं म्हणजे तो चालवणं. आजोबा दोन्ही करायचे. त्यांचं माप सुतात नसायचं, थाउमध्ये असायचं, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. तरीही घरात ‘इंजिनियर’ मी, आणि ते ‘गिरणीत होते’.

आता मूळ वाक्याकडे येतो. यंत्रं जुनी झाल्याने धंदा बुडतो, हे खरं असेल तर जो स्वतःच यंत्रं बनवतो त्याला मरणच नको. त्याच्या घरी नवं यंत्र कालही होतं, आजही असणार. पण हर्बर्टही मेला. ही कंपनी पहिल्यापासून दुसऱ्यांची, विशेषतः अमेरिकी, मशिनंही विकत असे. दलालीत डोकं आणि भांडवल कमी लागतं, गल्ला मात्र भरतो. १९७०च्या दशकात आकड्यांच्या प्रोग्रामवर चालणारे लेथ कॅपस्टनची जागा घेत होते, तेव्हा ही कंपनी मागे पडली होती. १९७५मध्ये सरकारी पैशाने तिला सावरण्याचा प्रयत्न झाला. पुढच्या आठेक वर्षांत ती संपली. त्याच सुमारास, १८ जानेवारी १९८२ला, मुंबईत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. यंत्र बनवणारा आणि यंत्र वापरणारा एकाच काळात बुडाले. दोन्हीकडे यंत्रं बिचारी जागेवरच होती. ती कधी बदलायची, हे माणसं ठरवत होती.

मुंबईत काय ठरलं, ते लपलेलं नाही. गिरण्यांतून मोडीत निघालेले साचे भिवंडीला गेले आणि तिथे वर्षानुवर्षं कापड विणत राहिले. परळमध्ये जुना झालेला साचा कसारा-कल्याणच्या अलीकडे कसा काय तरुण झाला? कारण तिथे मजुरी कमी होती आणि पायाखालच्या जमिनीला परळचा भाव नव्हता. १९९१च्या नियमाने गिरणीची जमीन पुनर्विकासाला निघाली, तर तिचे साधारण तीन वाटे व्हायचे : पालिकेला, म्हाडाला आणि मालकाला. २००१मध्ये नियम असा बदलला, की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. जमीन इतकं देणार असेल, तर नव्या यंत्रात पैसा घालणारा मालक वेडाच म्हणायचा. हिशेब त्यांच्या बाजूने चोख होता. फक्त त्या हिशेबाला ‘यंत्रं जुनी झाली’ हे नाव देऊ नका.

कुणी म्हणेल, यंत्रं खरंच जुनी होती. होती. बिनधोट्याचे माग जगात आले होते आणि आपल्याकडे आजोबांच्या आजोबांच्या काळातले साचे खडखडत होते. संपाने घाव घातला, हेही मान्य. पण घाव आणि आजार एक नसतात. हा आजार वर्षानुवर्षं कुणीतरी पोसला होता.

हे आज उकरायचं कारण गेल्या वर्षी घडलं. आमच्या टीममधल्या पन्नाशीला टेकलेल्या एका सिनियरने सलग तीन वर्षं बिलिंगची जुनी सिस्टिम नव्याने लिहायला वेळ मागितला. तिन्ही वेळा ‘पुढच्या क्वार्टरला बघू’. चौथ्या वर्षी मीटिंगमध्ये जाहीर झालं, सिस्टिम ‘लेगसी’ आहे. महिन्याभरात तेही लेगसी ठरले. मी त्या मीटिंगमध्ये होतो. मान डोलावणाऱ्यांत मीही होतो. घरी येताना रेल्वेच्या पुलावर, जुन्या एल्फिन्स्टन रोडला आता प्रभादेवी म्हणतात तिथे, लक्षात आलं : आजोबांबद्दल कुणीतरी अशीच मान डोलावली असणार.

कोव्हेंट्रीत हर्बर्टचं नाव आता कलादालन आणि संग्रहालयावर आहे. आमच्याकडे फिनिक्स मिल म्हटलं की मॉल आठवतो. आजोबांचा लेथ भंगारात किलोच्या भावाने गेला. संपानंतर ते साकीनाक्याच्या एका गाळ्यात लागले. पहिल्या दिवशी आत शिरले, तर कोपऱ्यात कॅपस्टन, अंगावर तेच नाव. गिरणीतल्यापेक्षाही जुना. त्यावर त्यांनी पुढची अकरा वर्षं घर चालवलं.

म्हणून पुढच्या वेळी ते वाक्य कानावर आलं, की मी कॉफीला उठणार नाही. एवढंच विचारीन : जुनी कुणी ठेवली?