‘सगळे म्हणतात’ हा पुरावा नव्हे

आठवी-नववीच्या मुलांसोबत १९६७ चा ‘ज्वेल थीफ’ जरूर बघा. विजय आनंद यांचं दिग्दर्शन, सचिनदेव बर्मन यांचं संगीत, देव आनंदची ती टोपी, सगळंच झकास! पण वर्गासाठी त्यात आणखी काहीतरी आहे.

रत्नपारखी विनयला लोक ‘अमर’ नावाचा चोर समजतात. अमरच्या पायाला म्हणे सहा बोटं. म्हणून विनयला चारचौघांत बूट-मोजा काढून पाय दाखवावा लागतो. शेवटी कळतं, अमर नावाचा कुणी नाहीच! खऱ्या चोरानेच ती हूल उठवलेली असते.

आता आपल्या पवईतल्या वर्गात या. कंपासपेटी हरवली की नाव कोणाचं येतं? टॉवरमधल्या मुलाचं क्वचितच. टेकडीवरच्या वस्तीतल्या मुलाचं लगेच. मग सगळ्यांसमोर त्याचं दप्तर उपसलं जातं. काही सापडलं नाही, तरी ‘चोर’ हा शिक्का वर्षभर पुसला जात नाही.

म्हणून सिनेमा संपल्यावर मुलांना एवढंच विचारा: अमरला प्रत्यक्ष कुणी पाहिलं होतं? आणि पुढच्या वेळी दप्तराला हात लावण्याआधी हाच प्रश्न आपणही स्वतःला विचारूया.