विश्लेषण : ‘ई-रुपया’ खिशात आला, पण वापरात का येईना? डिजिटल चलनाचे भवितव्य काय?

रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबई, नवी दिल्ली, बंगळूरु आणि भुवनेश्वर या चार शहरांत सर्वसामान्यांसाठी ‘ई-रुपया’ प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. त्यानंतर शहरे वाढली, बँका वाढल्या, मोबाइलमध्ये वॉलेटही आले. तरीही भाजीवाल्यापासून मॉलपर्यंत क्यूआर कोड स्कॅन करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ई-रुपया कधी वापरलेला नाही. अमेरिकेने सरकारी डिजिटल चलनाला दार बंद केले आहे, तर युरोप आणि चीन त्याच वाटेवर पुढे जात आहेत. अशा वेळी भारताच्या डिजिटल चलनाचे पुढे काय होणार, याचा आढावा.

ई-रुपया आणि यूपीआय यांत फरक काय?

वापरताना दोन्ही सारखेच वाटतात. आता तर यूपीआयचा क्यूआर कोड स्कॅन करून ई-रुपयातही पैसे देता येतात. फरक आहे तो पैशांच्या मुळाशी. चहाच्या टपरीवर यूपीआयने २० रुपये दिले, की ते तुमच्या बँक खात्यातून वजा होतात आणि टपरीवाल्याच्या खात्यात जमा होतात. यूपीआय हा पैसा नव्हे. बँकेतील पैसा इकडून तिकडे नेणारा तो रस्ता आहे. ई-रुपया हा स्वतःच पैसा आहे. वॉलेटमधील २० रुपये म्हणजे रिझर्व्ह बँकेने काढलेली २० रुपयांची नोटच, फक्त कागदाऐवजी डिजिटल रूपात. त्यासाठी २०२२ च्या वित्त कायद्याद्वारे रिझर्व्ह बँक कायद्यातील नोटेच्या व्याख्येत ‘डिजिटल रूप’ समाविष्ट करण्यात आले.

बिटकॉइनसारख्या क्रिप्टो चलनांशीही ई-रुपयाचा संबंध नाही. बिटकॉइनच्या मूल्याची हमी कोणी घेत नाही. ई-रुपयामागे देशाची मध्यवर्ती बँक उभी आहे.

हा फरक ग्राहकासाठी महत्त्वाचा का?

बँकेतील ठेव हे त्या बँकेचे तुम्हाला असलेले देणे असते. बँक अडचणीत आली की ते देणेही अडकते. महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना सहा महिन्यांसाठी मिळून अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तर प्रारंभी एक रुपयाही काढता येत नव्हता. ठेव विम्याचे संरक्षण आहे, पण ते प्रति बँक प्रति ठेवीदार पाच लाख रुपयांपर्यंतच.

नोट आणि ई-रुपया हे मात्र थेट रिझर्व्ह बँकेचे देणे असते. ज्या बँकेच्या वॉलेटमधून तो वापरता ती बँक बुडाली, तरी ई-रुपयाचे मूल्य बुडत नाही. रोख वापर कमी होत गेला, तर सामान्य माणसाच्या हाती असा सर्वात सुरक्षित पैसा कोणत्या रूपात उरेल, हा डिजिटल चलनामागचा मूळ प्रश्न आहे.

मग वापर का वाढला नाही?

मार्च २०२५ अखेर चलनातील ई-रुपयाचे मूल्य सुमारे १,०१६ कोटी रुपये होते. वर्षभरापूर्वी ते २३४ कोटी होते, म्हणजे वाढ चौपटीहून अधिक. परंतु त्याच वेळी देशात ३६ लाख कोटींहून अधिक रुपयांच्या नोटा फिरत होत्या. दहा हजार रुपयांच्या नोटांमागे ई-रुपया जेमतेम तीन रुपयांचा. दुसरीकडे यूपीआयने ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात दोन हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला.

डिसेंबर २०२३ मध्ये ई-रुपयाने दिवसाला दहा लाख व्यवहारांचे लक्ष्य गाठले होते. मात्र, काही बँकांनी कर्मचाऱ्यांचे भत्ते ई-रुपयात जमा केल्याने हा आकडा फुगला होता. पुढे तो घसरला. कारण सरळ आहे. यूपीआय फुकट आहे, सवयीचे आहे आणि खात्यातील शिलकीवर व्याजही मिळत राहते. ई-रुपयावर व्याज नाही आणि वॉलेटमध्ये आधी पैसे भरून ठेवावे लागतात. ग्राहकाला ज्याची अडचण जाणवते तेच तो बदलतो, आणि दुकानात पैसे देण्याची अडचण यूपीआयने आधीच सोडवली आहे.

बँकांना धास्ती कशाची?

समजा ई-रुपया खरोखरच लोकप्रिय झाला. एखाद्या बँकेबद्दल अफवा पसरताच खातेदार रातोरात सगळे पैसे ई-रुपयात वळवतील. पूर्वी त्यासाठी बँकेबाहेर रांग लागायची, शाखा बंद व्हायची, थोडा अवधी मिळायचा. मोबाइलवर तो अवधी मिळत नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात तब्बल ४,२०० कोटी डॉलर काढून घेण्याची मागणी केली आणि बँक कोसळली. ठेवी आटल्या तर कर्जे देण्याची बँकांची क्षमताही आटते.

म्हणूनच बहुतेक देशांत डिजिटल चलन बाळगण्यावर मर्यादा आणि बिनव्याजी स्वरूप असे दुहेरी कुंपण घातले जाते. यातला पेच असा, की कुंपण घट्ट ठेवले तर कोणी वापरत नाही आणि सैल सोडले तर बँका धोक्यात येतात.

‘अटींचा पैसा’ : सोय की लगाम?

यूपीआयला सहज न जमणारी एक गोष्ट ई-रुपया करू शकतो. तो कशासाठी, कुठे आणि कधीपर्यंत खर्च करता येईल, याची अट पैशालाच जोडता येते. ओडिशात ‘सुभद्रा’ योजनेच्या काही लाभार्थी महिलांना ई-रुपयात रक्कम देण्याचा प्रयोग झाला. रत्नागिरीतील शेतकऱ्यांना कार्बन क्रेडिटचा मोबदला ई-रुपयात देण्याचा प्रकल्पही हाती घेतला गेला. खतासाठीचे अनुदान फक्त खताच्या दुकानातच चालेल, अशी व्यवस्था झाली तर गळती थांबेल, हा समर्थकांचा युक्तिवाद आहे.

त्याची दुसरी बाजूही आहे. खताच्या पैशांतून एखाद्या शेतकऱ्याला मुलाचे औषध आणावे लागले, तर? रोख रक्कम त्याला हे स्वातंत्र्य देते, अटींचा पैसा देत नाही. शिवाय नोट कोणाकडून कोणाकडे गेली याची नोंद राहत नाही; डिजिटल व्यवहाराची राहू शकते. छोट्या व्यवहारांत रोखीसारखी गोपनीयता राखण्याचे उद्दिष्ट रिझर्व्ह बँकेने मांडले आहे. मात्र २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना त्यातील तरतुदींतून सूट देऊ शकते. त्यामुळे ही गोपनीयता केवळ धोरणात असावी की कायद्याने बांधलेली असावी, यावर संसदेत चर्चा होणे गरजेचे आहे.

जगाचा कल कुठे आहे?

वाटा फुटल्या आहेत. नायजेरियाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘ई-नायरा’ आणला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासानुसार वर्षभरानंतरही ९८.५ टक्के वॉलेट आठवड्यातून एकदाही वापरली जात नव्हती. चीनने ‘ई-युआन’चे प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर केले. युरोपीय मध्यवर्ती बँकेने कायदा वेळेत झाल्यास २०२९ मध्ये डिजिटल युरो आणण्याची तयारी चालवली आहे. व्हिसा-मास्टरकार्डसारख्या अमेरिकी कंपन्यांवरील अवलंबित्व कमी करणे हा त्यामागचा एक हेतू आहे.

अमेरिकेने उलट दिशा धरली. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये आदेश काढून सरकारी डिजिटल डॉलरला मज्जाव केला आणि जुलैमध्ये ‘जीनियस’ कायद्यावर स्वाक्षरी करून खासगी ‘स्टेबलकॉइन’ना मान्यतेची चौकट दिली. डॉलरशी एकास एक प्रमाणात बांधलेली ही खासगी नाणी असून, त्यांच्या बदल्यात कंपन्यांना रोख किंवा अल्पमुदतीचे सरकारी रोखे राखीव ठेवावे लागतात.

भारतावर याचा काय परिणाम?

खरी स्पर्धा देशातील दुकानांत नव्हे, तर सीमेपलीकडून येणाऱ्या पैशांत होईल. परदेशस्थ भारतीयांनी २०२४-२५ मध्ये सुमारे १३,५०० कोटी डॉलर मायदेशी पाठवले. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत यात सर्वाधिक, २०.५ टक्के वाटा महाराष्ट्राचा होता. जागतिक बँकेच्या आकडेवारीनुसार २०० डॉलर पाठवण्याचा खर्च जगभरात सरासरी सहा टक्क्यांहून अधिक पडतो. स्टेबलकॉइनने हे काम मिनिटांत आणि स्वस्तात होत असेल, तर दुबईतील कामगार किंवा न्यू जर्सीतील अभियंता तिकडे वळू शकतो. पण मग देशात खासगी डॉलरच रुपयासारखा फिरू लागेल आणि रिझर्व्ह बँकेची व्याजदर व चलनपुरवठ्यावरील पकड ढिली होईल. रिझर्व्ह बँक स्टेबलकॉइनबाबत सावध आहे ती यामुळेच.

पुढे काय?

येत्या काही वर्षांत ई-रुपया यूपीआयची जागा घेईल, अशी चिन्हे नाहीत. त्याची गरज भासू शकते ती तीन ठिकाणी : इंटरनेट नसलेल्या भागात ऑफलाइन देवाणघेवाण, सरकारी अनुदानांचे वाटप आणि देशादेशांमधील व्यवहार. यापैकी ऑफलाइन वापर यशस्वी झाला, तर तो रोखीला खरा पर्याय ठरेल. तो केवळ अनुदानांपुरता उरला, तर गरिबांसाठी अटींचा पैसा आणि इतरांसाठी मोकळा पैसा अशी दुफळी पडण्याचा धोका आहे. परदेशांशी व्यवहारांत मात्र समोरच्या देशाचीही तयारी लागेल. तोवर कागदी नोट टिकवणे आणि ई-रुपया वापरणे ऐच्छिक ठेवणे, हाच ग्राहकाच्या हिताचा मार्ग आहे.